पुरुमेंत आणि पाकीट

मे महिन्याच्या अखेरीस आम्ही पेडणे तालुक्यात आत्याबाईंकडे दोन दिवस राहून आलो. पावसाळा तोंडावर आलेला. घरात पुरुमेंताची धांदल चालली होती. अंगणात चटईवर सोलां वाळत होती, पडवीत पापडांची चळत होती आणि मिठाच्या पाण्यात घातलेल्या तोरांच्या बरणीचे तोंड आत्याबाई स्वतः फडक्याने बांधीत होत्या. पुरुमेंत हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्या बोलण्यात आला. परंतु चार महिन्यांची बेगमी करण्याची रीत आपल्या गृहिणींना कोणी परक्याने शिकवावी लागली नाही.

दुपारी दोनच्या सुमारास चौदा वर्षांचा नातू खेळून आला. चुलीशेजारी झाकून ठेवलेल्या भात-आमटीकडे त्याने पाहिलेही नाही. फडताळातून नूडल्सचे पाकीट काढले, पाणी उकळले आणि आमचा विडा संपण्यापूर्वी त्याचे जेवण आटोपले. आत्याबाई म्हणाल्या, "सून डिचोलीकडे औषधाच्या गोळ्या पाकिटांत भरते, नि नातू घरी ही पाकिटे रिकामी करतो. गोळ्या मात्र मी खाते." त्यांना मधुमेह होऊन बरीच वर्षे झाली आहेत.

आम्ही हसलो. सायंकाळी सूनबाई पाळी संपवून आल्या, तेव्हा हीच गोष्ट आम्ही त्यांना विनोदाने सांगितली. त्या हसल्या नाहीत. "भावोजी, पहाटे साडेपाचला माझी बस येते. त्याआधी मी स्वयंपाक करून जाते. मुलाला गार भात आवडत नाही, आणि तो गरम करून देण्यासाठी कोणी उठत नाही." रविवार असल्याने त्यांचे यजमान घरीच होते. त्या दुपारी तेही सोप्यावर आडवे झाले होते आणि आम्हीही. उत्तर द्यावयास आम्हांला तोंड नव्हते.

वास्तविक या झटपट अन्नाचा जन्म अशाच एका अडचणीतून झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमधील स्त्रिया कारखान्यांत जाऊ लागल्या आणि चुलीपाशी बसण्यास त्यांना वेळ उरेना. तेव्हा ज्यूलियस मॅगी या गिरणीमालकाने वाटाणे व इतर कडधान्यांच्या पिठांपासून लवकर शिजणारी सुपे तयार केली. १९५८ साली जपानात मोमोफुकु आंडो यांनी तळून वाळवलेल्या झटपट नूडल्स बाजारात आणल्या. मॅगीच्या नावाने त्या भारतात १९८३ च्या सुमारास आल्या, आणि पुढे आपल्या डिचोली तालुक्यातच त्यांचा कारखाना उभा राहिला.

२०१५ च्या जून महिन्यात शिशाच्या प्रमाणावरून देशभर या नूडल्सवर बंदी आली, ती वाचकांना आठवत असेल. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द करून फेरतपासणीचा आदेश दिला. तीत शिसे मर्यादेच्या आत आढळले. ऑक्टोबरात डिचोलीचा कारखाना पुन्हा सुरू झाला आणि नोव्हेंबरात माल दुकानांत आला. शिशाचा प्रश्न प्रयोगशाळेने सोडवला. परंतु आठवड्यातून किती वेळा, आणि कशाच्या जागी, हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारा नाही. तो प्रत्येकाने आपल्या घरी सोडवावयाचा आहे.

त्यासाठी प्रथम पाकीट वाचावयास शिकावे. घटकांच्या यादीत जो पदार्थ वजनाने अधिक, त्याचे नाव आधी येते. बहुतेक नूडल्समध्ये पहिले नाव मैद्याचे असते आणि त्याच्या मागोमाग तेलाचे. सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये दिलेला असतो. तो शंभर ग्रॅमसाठी आहे की एका वाढपासाठी, हे पाहून त्याला अडीचने गुणावे, म्हणजे मीठ किती ते कळते. समजा, एका वाढपात ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर ते दोन ग्रॅम मीठ झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाकाठी पाच ग्रॅमांहून कमी मीठ खावे.

यावर कोणी विचारील, की आत्याबाईंच्या बरणीत काय साखर आहे? प्रश्न रास्त आहे. तोरां, पापड, सुकी मासळी, सर्वच खारट. पण तोराची एक फोड वाडगाभर पेजेला पुरते. ते तोंडीलावणे आहे, जेवण नव्हे. पाकिटात खारटपणाच जेवणाच्या जागी येऊन बसतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची जी देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली, तीत मधुमेहाचे प्रमाण सर्वांत अधिक गोव्यात आढळले, प्रौढांत २६.४ टक्के. याचा सर्व दोष नूडल्सच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. आपला ताटभर भात आणि दुपारचे आडवे होणे यांचाही त्यात वाटा आहेच. म्हणूनच आणखी एक सवय जडवून घेताना विचार करावा.

पाकीट घरातून हद्दपार करा, असे आम्ही म्हणणार नाही. कधी खावेच लागले तर मसाला निम्मा घालावा, मूठभर शेवग्याचा पाला घालावा, वर एक अंडे फोडावे. मात्र पाकिटाला नावे ठेवून त्याचा भार पुन्हा सूनबाईंच्या पहाटेवर टाकू नये. उकड्या तांदळाची पेज तासाभरात आपली आपण शिजते; ती चुलीवर ठेवण्यास पुरुषाचे हातही चालतात.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी शिरवाळ्यांचा बेत केला. तांदळाच्या पिठाचे गोळे उकळत्या पाण्यात शिजवून, गरम असतानाच लाकडी साच्यात घालून दाबावयाचे. मग त्या शेवया गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खावयाच्या. हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. एकाने साचा दाबावा लागतो, दुसऱ्याने खाली ताट फिरवावे लागते. आत्याबाईंच्या हातांत आता तेवढा जोर उरलेला नाही. गेली दोन वर्षे साचा माळ्यावरच होता, असे त्यांनीच सांगितले.

तो नातवाने खाली काढला. यजमानांनी नारळ खवले, आम्ही ताट धरले. मुलाने पहिल्या खेपेस साचा तिरका धरला आणि शेवया ताटाबाहेर गेल्या. आत्याबाई पाटावरून ओरडल्या, "अरे, सरळ धर, नि वरून जोर लाव!" चौथ्या गोळ्याला त्याचा हात बसला. सूनबाई पाळीवरून येईपर्यंत त्यांच्यासाठी एक वाटी झाकून ठेवली होती. ती गार झाली होती. त्यांनी काही म्हणण्याच्या आत मुलाने उठून रस गरम करावयास ठेवला.