लाइन थांबवणाऱ्याच्या बाजूने

'गुणवत्ता सुधारायची तर साहेब कडक हवा,' हे मत चाकणपासून वाळूजपर्यंत ऐकू येतं. रिजेक्शन वाढलं की कुणाच्या तरी नावाने मेमो निघालाच पाहिजे. एवढं मान्य करतो की असा साहेब आला की पहिल्या महिन्यात आकडे खरंच उतरतात. पण आकडे उतरले म्हणजे दोष घटले असं नाही. मेमोच्या धाकाने खराब नग पेटीच्या तळाशी जातो आणि ग्राहकाच्या असेंब्लीवर सापडतो.

'कामगारच बेफिकीर' म्हणणाऱ्यांनी कॅलिफोर्नियातलं फ्रीमाँट पाहावं. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना गैरहजेरी आणि भांडणांसाठी बदनाम होता. काही झालं तरी लाइन थांबवायची नाही, हा तिथला शिरस्ता. १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तोच कारखाना 'नुमी' नावाने सुरू झाला. बहुतेक कामगार जुने, युनियनही तीच; बदललं ते व्यवस्थापन. प्रत्येकाच्या हाताशी आता अँडनची दोरी होती. अडलं की ओढायची. टीम लीडर धावत येणार आणि 'कुणी केलं?' न विचारता 'काय अडलं?' विचारणार. दोनएक वर्षांत तिथल्या गाड्या जपानमधल्या टोयोटाच्या तोडीला आल्या. तीच माणसं असा माल देत असतील, तर दोष त्यांच्या स्वभावात होता हे म्हणणं टिकत नाही.

'संध्याकाळी डिस्पॅच आहे, लाइन थांबवणं परवडत नाही,' हा पुढचा आक्षेप. पण दोरी ओढताक्षणी लाइन थांबत नाही. गाडी त्या टप्प्याच्या शेवटच्या खुणेपर्यंत सरकते. तोवर अडचण सुटली तर काम चालूच राहतं. थांबते ती न सुटलेल्या अडचणीसाठी, आणि तीच अडचण पुढे गेली तर रिवर्कला कितीतरी जास्त खर्च येतो.

म्हणून माझ्या मते गुणवत्ता सुधारणाऱ्या नेत्याचा पहिला गुण हा, की वाईट बातमी त्याच्यापर्यंत न घाबरता पोहोचते. दुसरा गुण त्याहून दुर्मीळ आहे: त्याला चढउतार वाचता येतो. बोअरचं माप रोज थोडं इकडेतिकडे होणारच. कंट्रोल चार्टच्या मर्यादेतल्या फरकासाठी ऑपरेटरला झापलं, तर तो दर नगाला सेटिंग हलवतो आणि फरक उलट वाढतो. बिंदू मर्यादेबाहेर गेला, की मग टूल झिजलंय का, कास्टिंगची बॅच बदलली का, हे शोधायचं. गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग यांच्या अंदाजाने ९४ टक्के अडचणी व्यवस्थेच्या असतात, आणि व्यवस्था बदलणं व्यवस्थापनाच्या हाती असतं. 'शून्य दोष' मागणाऱ्या घोषणा काढून टाका, असं त्यांनी आपल्या चौदा सूत्रांत सांगितलं ते याचसाठी. भिंतीवरच्या पाटीने ढिलं फिक्श्चर घट्ट होत नाही. त्यासाठी पैसे मंजूर करून आणावे लागतात, प्रसंगी उत्पादनप्रमुखाशी वाद घालून.

तेव्हा क्वालिटीप्रमुख निवडताना रिजेक्शनचे आकडे बाजूला ठेवा. त्याच्या लाइनवर किती जणांनी स्वतःहून दोष दाखवला आणि त्यानंतर तिथे काय बदललं, हे त्याच्या ऑपरेटरांना विचारा.