माळावर पाणी चढत नाही



कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत माळावर आहे. नदीचे पाणी तिथवर चढत नाही. पण तिथे कामाला येणाऱ्या बाया नदीकाठच्या आहेत. कुणी दूधगंगेकाठच्या सुळकूडची, कुणी कसबा सांगावची, कुणी पंचगंगेकाठच्या इंगळी-रुईची. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेने 55 फूट ओलांडले. धोक्याची पातळी आहे 43 फूट. दोन्ही वेळा शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला.

आमच्या एका बैठकीत ठेकेदाराकडे काम करणारी एक बाई म्हणाली, "घरात पाणी आलं त्याचा पंचनामा झाला. माझे नऊ दिवस गेले त्याचा कुणी केला?" त्या नऊ दिवसांची तिची मजुरी गेलीच, शिवाय महिन्याचा हजेरी भत्ताही गेला, कारण वहीत ती 'गैरहजर' होती. विचारायला गेली तर उत्तर मिळाले, "पूर काय आजचा आहे का? आपली सोय आपण आधी करून ठेवायला नको?"

हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. कधी ठेकेदाराच्या तोंडून, कधी साहेबांच्या, कधी शेजारच्या शहाण्या माणसाच्या. शासनाने तरी किती करायचे, लोकांची काही जबाबदारी आहे की नाही? प्रश्न अगदीच खोटा नाही. 2005 च्या पुराची भिंतीवरची खूण पाहून "त्याच्या वर काय येत नाही" म्हणत 2019 मध्ये कितीतरी घरे वेळेत हलली नाहीत. त्यात आपल्याही बाया होत्या. त्या का हलल्या नाहीत, हे मात्र कुणी विचारत नाही. दावणीची म्हैस कुठे न्यायची? अंथरुणाला खिळलेल्या सासूला कोण उचलणार? शाळेतल्या शिबिरात दोनशे माणसांत दोन संडास, त्यांनाही कडी नाही, तिथे वयात आलेल्या मुलीला घेऊन कसे राहायचे? धान्य माळ्यावर चढवणे, कागदपत्रे पिशवीत बांधणे, पाणी ओसरल्यावर कमरेएवढा गाळ उपसणे, हे सगळे बायाच करतात. घराची जबाबदारी म्हणतात ती हीच. ती पार पाडूनही बाई गैरहजरच ठरते.

8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली. बोट ग्रामपंचायतीची, आत माणसे खच्चून भरलेली. बुडालेल्यांत बाया आणि मुले अधिक होती. नंतर काहीजण म्हणाले, लोकांनी गर्दी केली. पाणी वाढते आहे, दुसरी बोट कधी येईल ठाऊक नाही, अशा वेळी कडेवर मूल असलेल्या बाईने मागे थांबून नियम पाळायचा होता काय? माणसांच्या बेजबाबदारपणाची चर्चा दुसरी बोट वेळेवर आल्यानंतर करता येते, आधी नाही.

त्याच आठवड्यात एका शासकीय आदेशाने आणखी संताप आणला. घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली असेल, तर 10 किलो गहू आणि 10 किलो तांदूळ मोफत. दीड दिवस बुडालेल्या चुलीचे काय? पुढे मदत वाढली, ग्रामीण कुटुंबाला 10 हजार आणि शहरी कुटुंबाला 15 हजार असे सानुग्रह अनुदान ठरले. पण 'कुटुंब' म्हणजे कोण? भाड्याच्या खोलीत राहणारी परित्यक्ता, दिराच्या नावच्या घरात राहणारी विधवा, यांना यादीत नाव लागण्यासाठी कुणाच्या तरी पाया पडावे लागते.

शासनाचे कर्तव्य ही मेहेरबानी नाही, कायद्यात लिहिलेली गोष्ट आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 चा आहे. त्याच्या मूळ कलम 12 मध्ये शिबिरातला निवारा, अन्न, पाणी, औषधोपचार, स्वच्छता यांचे किमान निकष, विधवा व अनाथांसाठी खास तरतूद आणि उपजीविका पुन्हा उभी करण्यासाठी साहाय्य, असे सगळे येते. कलम 13 कर्जफेडीतील सवलतीबद्दल होते, 2025 च्या दुरुस्तीने ते वगळले गेले (पाणी ओसरायच्या आत दारात उभ्या राहणाऱ्या बचतगट-कर्जाच्या वसुलीवाल्यांना ते तेव्हा कुणीतरी वाचून दाखवायला हवे होते). कलम 61 सांगते की मदत देताना लिंग, जात, धर्म यांवरून भेदभाव चालणार नाही. आणि कलम 65 नुसार जिल्हा प्राधिकरण बचावकार्यासाठी जागा आणि वाहने ताब्यात घेऊ शकते. या प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात जिल्हाधिकारी.

म्हणजे माळावरच्या कोरड्या शेड, त्यांचे संडास, कामगारांना आणणाऱ्या बसगाड्या पुराच्या दिवसांत गावांसाठी वापरता येतील. ही वसाहत उभारणारे महामंडळ शासनाचेच आहे. मग त्याच्या आवारातल्या ठेकेदारांनी पूरग्रस्त गावच्या कामगारांना गैरहजर लावू नये, असा आदेश पावसाळ्याआधी का निघू नये?

जबाबदारी घ्यायला बाया कधीच मागे नव्हत्या. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात घरदुरुस्तीच्या शासकीय कार्यक्रमात गावोगावच्या बाया 'संवाद सहायक' म्हणून नेमल्या गेल्या. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यासाठी त्यांना तयार केले. घरमालकाला हप्ता, सिमेंट, भूकंपात टिकणारे बांधकाम समजावून सांगणे हे त्यांचे काम. तिथे जबाबदारीबरोबर नेमणूक होती, माहिती होती, अधिकाऱ्यासमोर बोलायची जागा होती. आपल्याकडे पुरात बायांना मिळते ती फक्त शिबिरातली चपात्या लाटायची जबाबदारी.

1 मेच्या ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. बऱ्याच गावांत ती कागदावरच उरकतात. नदीकाठच्या गावांतल्या गटांनी या वेळी ती भरवायला लावावी आणि तीन गोष्टी ठरावात लिहून घ्याव्यात. शिबिर कुठे आणि त्यात बायांसाठी वेगळे, कडीचे संडास किती. गावात भाडेकरू, एकट्या आणि मजुरीवर जगणाऱ्या बाया किती, त्यांची नावे. माळावर कामाला जाणाऱ्या किती आणि कुठल्या ठेकेदाराकडे. ठरावाची सही-शिक्क्याची प्रत तहसीलदारांना द्यावी, पोच घ्यावी आणि एक प्रत आमच्याकडे पाठवावी. सगळ्या गावांचे ठराव एकत्र करून मेअखेर जिल्हाधिकारी कार्यालयात जायचे आहे. त्या दिवशी कामावर खाडा होईल. ज्यांना तो परवडणार नाही, त्यांनी नुसता ठराव पाठवला तरी चालेल.