गल्ल्यावर कोण बसलं होतं?

लंडनच्या फ्लीट स्ट्रीटला लागून असलेल्या एका अरुंद बोळात ‘ये ओल्ड चेशायर चीज’ नावाचा पब आहे. 1666च्या आगीनंतर, 1667मध्ये तो पुन्हा बांधला गेला. त्याच्या दाराशी लावलेल्या फलकावर, पब चालू असताना इंग्लंडच्या गादीवर येऊन गेलेल्या राजाराण्यांची नावं ओळीने लिहिलेली आहेत. त्यांच्यापैकी इथे कोण फिरकलं असेल, हे विचारायचं नसतं. कोशकार डॉ. जॉन्सनचं नावही हा पब अभिमानाने सांगतो. जॉन्सन जवळच गफ स्क्वेअरमध्ये राहायचा हे खरं, पण त्याचं उठणं-बसणं, खाणं-पिणं टिपून ठेवणाऱ्या बॉझवेलच्या चरित्रात या पबचा उल्लेख नाही. थोडक्यात, गादीवरच्यांची यादी दारावर लागते आणि गल्ल्यावरच्यांची कुणी विचारत नाही. जुन्या पबचा इतिहास असा थोरामोठ्या गिऱ्हाइकांच्या नावावर खपवणं मला आळशीपणाचं वाटतं, कारण तो चालवणाऱ्यांची नावं शोधण्यापुरती कागदपत्रं इंग्लंडमध्ये नक्की आहेत.

आणि ती आहेत सरकारच्या संशयामुळे. 1552च्या कायद्याने एल, म्हणजे एक प्रकारची बिअर, विकणाऱ्याला दोन न्यायाधीशांचा परवाना आणि वर्तणुकीचा जातमुचलका सक्तीचा केला. दारूच्या जागी जुगार, मारामाऱ्या आणि राजाविरुद्धच्या गप्पा, तिन्ही गोष्टी होतात ही धास्ती त्यामागे होती. 1753मध्ये अशा जातमुचलक्यांची नोंदवही ठेवण्याची जबाबदारी प्रत्येक काउंटीच्या दप्तरावर आली. त्यामुळे तिथून 1828पर्यंत अनेक भागांत वर्षागणिक परवानाधारकांची नावं सापडतात. मग व्यापार मोकळा करण्याची हवा आली. 1830च्या कायद्याने करदात्या घरमालकाला दोन गिनी भरून बिअर विकायची मुभा दिली आणि पहिल्या सहा महिन्यांतच 24 हजारांच्या आसपास नवी बिअरघरं उघडली. न्यायाधीशासमोर उभं राहण्याची गरज संपली, तशी ही माणसं त्या नोंदवह्यांतूनही सुटली. 1869मध्ये न्यायाधीशांचा अंकुश परत आला. मधल्या चाळीसेक वर्षांतल्या बिअरघरवाल्यांचा माग काढणं त्यामुळे फार जड जातं. जाच जास्त तिथे पुरावा जास्त, असा हा विचित्र हिशेब आहे.

नुसत्या नावांच्या याद्यांतून काय कळणार, हा आक्षेप रास्त आहे. एक नाव वाचून काहीच कळत नाही. ओळीने पन्नास वर्षांची नावं वाचली की कळतं. दहा वर्षं एका पुरुषाचं नाव येतं, अकराव्या वर्षी तेच आडनाव बाईच्या नावापुढे लागतं, आणि दोन-तीन वर्षांनी परवाना वेगळ्याच आडनावावर जातो. नवरा गेला, विधवेने धंदा सांभाळला, पुढे तो विकला किंवा तिने दुसरं लग्न केलं, एवढी शक्यता त्या तीन नोंदींत असते आणि चर्चच्या लग्न-दफनाच्या नोंदींशी ताडून ती तपासता येते. नवऱ्याच्या हयातीत हीच बाई पिंप उघडण्यापासून उधारीच्या वहीपर्यंत सगळं बघत असली तरी जनगणनेत तिच्या धंद्याचा रकाना बहुधा कोराच असतो. दारूभट्टीच्या कंपन्यांनी पब विकत घ्यायला सुरुवात केल्यावर काही ठिकाणी नावं भराभर बदलू लागतात. जागा कंपनीची, माणूस तात्पुरता.

परवान्यावरचं नाव खऱ्या चालकाचंच असेल कशावरून, ही दुसरी शंका अधिक अवघड. नावापुरता एक आणि राबणारा दुसरा हा प्रकार आपल्याकडेही काही नवा नाही. म्हणूनच एका नोंदवहीवर विसंबून चालत नाही. स्थानिक कराच्या वह्या, आगीच्या विम्याची रजिस्टरं, व्यापारी डिरेक्टऱ्या आणि 1841पासून दर दहा वर्षांची जनगणना एकमेकांशी ताडावी लागते. चार कागद एकाच नावाकडे बोट दाखवत असतील तर ते मानावं, नाहीतर तसं स्पष्ट लिहावं. दंतकथेला एवढीही कसोटी नसते. थेम्सच्या दक्षिणेला सदर्कमध्ये ‘द जॉर्ज’ आहे. सज्जे असलेली, घोडागाड्यांच्या काळातली लंडनमधली ही शेवटची सराई, आणि तिचं नाव सर्रास शेक्सपिअरशी जोडलं जातं. शेक्सपिअर वारला 1616मध्ये. 1676च्या आगीत जुनी सराई जळाली आणि आजची इमारत त्यानंतरची. रेल्वेने घोडागाड्यांचा धंदा बुडवला. पुढे रेल्वे कंपनीनेच सराईच्या बाजू पाडल्या, एक उरली, आणि 1937मध्ये तीही रेल्वेकडूनच नॅशनल ट्रस्टला मिळाली. दरम्यान, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ही पडझड झेलत जागा चालती ठेवली ती मरे आडनावाच्या मायलेकींनी. शेक्सपिअरपेक्षा त्यांचा हक्क मोठा आहे.

इमारत वाचली की इतिहास वाचला, असं वारसाप्रेमी म्हणतील. लंडनच्या मेडा व्हेलमधला कार्लटन टॅव्हर्न 2015मध्ये विनापरवाना पाडला गेला, तेव्हा वेस्टमिन्स्टर कौन्सिलने तो होता तसा पुन्हा बांधायला लावला आणि 2021मध्ये तो उघडला. असा वचक आपल्या पालिकांनी एकदा तरी दाखवावा. पण भिंती पुन्हा उभारता आल्या त्या तपशील आधी टिपून ठेवलेला होता म्हणून, आणि माणसांच्या बाबतीत तेवढंही केलं जात नाही. पूर्वी पबच्या दारावर परवानाधारकाचं नाव लिहिणं बंधनकारक होतं. 2003च्या कायद्याने जागेचा परवाना आणि माणसाचा परवाना वेगळे केल्यावर तेही गेलं.

महाराष्ट्रात हा प्रश्न आजचा आहे. 1949च्या दारूबंदी कायद्याखाली परमिट रूमला एफएल-3 आणि देशी दारूच्या दुकानाला सीएल-3 परवाना लागतो. त्याचं नूतनीकरण, हस्तांतरण, वारसाची नोंद, भागीदार घेणं-काढणं यांचे कागद उत्पादन शुल्क खात्याकडे जातात. दारूवाल्यांचा कसला इतिहास, असं नाक मुरडणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की दारूबंदीच्या बाजूने लिहिणाऱ्यालाही हेच कागद लागतील. कोणत्या वस्तीत किती परवाने, कुणाच्या हाती आणि किती वर्षं, हे दुसरीकडे कुठे मिळणार? आपल्या सरकारी दप्तरात ‘अ’ वर्गाची फाइल कायम राहते, ‘ब’ची तीस वर्षं, ‘क’ची त्याहून कमी आणि ‘ड’ची एक. सगळी बाडं जपा असं म्हणणं व्यवहार्य नाही, तेवढी कपाटं कुणाकडेच नाहीत. परवान्याचा क्रमांक, जागा, धारकाचं नाव आणि बदलाची तारीख एवढ्या चार रकान्यांचं जिल्हावार रजिस्टर मात्र ‘अ’ वर्गात घालून पुराभिलेखागाराकडे सोपवता येईल. 2005चा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख कायदा हाताशी आहेच. ते जुन्या फाइली निर्लेखनाला जाण्याआधी व्हायला हवं.