आखर कोणाच्या सात-बाऱ्यावर?



कोराडीत वीज केंद्राचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला. पुढे ६६० मेगावॅटचे तीन संच उभे राहिले. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राखेचे पाणी शेतांत शिरले. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ ची. आपल्याच जिल्ह्यातली कुही-भिवापूरकडची गावे त्यात उठली. उजेड एकाला, पाणी दुसऱ्याला. जमीन मात्र कोरडवाहू शेतकऱ्याची.

जमीन घेताना शेत, घर, विहीर, झाड मोजतात. आखर मोजत नाहीत. तो कोणा एकाच्या सात-बाऱ्यावर नसतो, म्हणून त्याचा मोबदला कोणाच्याच नावे निघत नाही. पण पोळ्याचे तोरण तिथेच लागते, झडत्या तिथेच रंगतात, पोरांचा हुतूतूही तिथलाच.

तरी उठलेली माणसे खेळ सोडत नाहीत. प्लॉटवर गोठा नाही, गावाला चराई नाही, म्हणून बैलजोडी विकावी लागते. पण पोळ्याला पाटावर लाकडी नंदी मांडून त्याला पुरणपोळी दाखवणारी घरे आम्ही पाहिली आहेत. पंधरवड्याने भुलाबाई बसते. चार गावांहून आलेल्या पोरी झाकलेला खाऊ ओळखता ओळखता एकमेकींची नावे शिकतात. शेतकीच्या कॉलेजात आम्ही शिकलो, की रोप हलवताना मुळाची माती सोबत न्यावी. हे खेळ म्हणजे ती माती.

मात्र 'खेळतात, म्हणजे सुखात आहेत' असे कोणी म्हणत असेल तर ऐकून घेऊ नका. जिद्दीचे कौतुक करून हिशेब मिटत नाही. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या भूसंपादन कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत नव्या गावासाठी चराईची जमीन, मुलांचे मैदान आणि दर ५० कुटुंबांमागे चावडी किंवा झाडाचा पार लिहिलेला आहे. ही मेहेरबानी नव्हे, देणे आहे.

आज ज्यांची गावे शाबूत आहेत त्यांनीही गाफील राहू नये. येत्या ग्रामसभेत आखराचा गट नंबर आणि लांबी-रुंदी ठरावात लिहून घ्या. मोजणीदार आला, की शेताच्या बांधाआधी त्याला आखरावर न्या. एकदा गाव उठले, की आखर कुठे होता हे फक्त म्हाताऱ्यांना ठाऊक असते, आणि त्यांची साक्ष कोणी लिहून घेत नाही.