एक अ‍ॅम्प्लिफायर की दोन गुडघे?

आमच्या घरात एकाच महिन्यात दोन गोष्टींनी राम म्हणायचे ठरवले. माझा अ‍ॅम्प्लिफायर आणि हिचे गुडघे. पैकी गुडघ्यांची कुरकुर मला गेली सहा वर्षे ऐकू आली नव्हती. अ‍ॅम्प्लिफायरची घरघर मात्र पहिल्याच रात्री ऐकू आली. नवऱ्यांचे कान असेच घडवलेले असतात. १९८४ साली हप्त्याने घेतलेला तो डबा केसरबाई केरकरांच्या तानेमागे पिठाच्या गिरणीसारखा घुंऽऽ करू लागला, आणि मी भाच्याला फोन केला.

ही पहिली चूक. आमचा भाचा 'ऑडिओफाइल' आहे. म्हणजे गाणे ऐकणारा नव्हे, गाणे ज्यातून येते ते ऐकणारा. त्याच्याकडे रेकॉर्डी अकरा आणि केबली चौदा.

"मामा, आता सॉलिड स्टेटच घ्या. हाय-एंड. आयुष्यात एकदाच घ्यायची वस्तू!"

सॉलिड स्टेट म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणारा. ट्रान्झिस्टर १९४७ साली निघाला. मला वाटले होते, एव्हाना स्वस्त झाला असेल. भाचा मला मुंबईच्या एका शोरूममध्ये घेऊन गेला. तिथे गाभाऱ्यासारखा अंधार, गाभाऱ्यासारखी शांतता, आणि मधोमध निळा दिवा लावून बसलेली मूर्ती. वजन चाळीस किलो. विक्रेता पुजाऱ्याच्या हलक्या आवाजात म्हणाला, "सर, प्युअर क्लास ए."

हा क्लास ए काय प्रकार आहे, ते सांगतो. यातले ट्रान्झिस्टर कधी विश्रांती घेत नाहीत. गाणे चालू असो नसो, वीज खातच राहतात. दोन्ही बाजूंना तीस-तीस वॉट द्यायचे, तर भिंतीतून दोन-तीनशे वॉट सहज ओढतात आणि उरलेल्याची उष्णता करतात. थोडक्यात, सरकारी कचेरी. कागद येवो न येवो, सगळे पंखे आणि सगळे दिवे चालू. पुण्याच्या मे महिन्यात ही शेगडी हॉलमध्ये ठेवून मी भीमपलास ऐकायचा!

त्याने आधी एक स्वस्त यंत्र वाजवले, मग हे. आणि खोटे कशाला बोलू, मला फरक ऐकू आला. "हवा जाणवली का सर?" मी एसीकडे पाहिले. "नाही सर, सुरांभोवतीची हवा." जाणवली म्हटले. नाही म्हणायला धैर्य लागते. किंमत पावणेपाच लाख.

हा आकडा मी कुठेतरी ऐकला होता. कुठे, ते चेकबुक बाहेर काढल्यावर आठवले. आदल्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांचा सांगितलेला खर्च! आठवूनही माझा हात थांबला नाही, हे इथे कबूल करतो. थांबवले ते बँकेने. खाते जॉइंट, आणि चेकवर दोघांची सही लागते.

घरी आल्यावर हिने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "अहो, कुठला कुठला ते न बघता कळलं का?"

वाचकहो, या धंद्याचे सारे वैभव हा प्रश्न कुणी विचारत नाही यावर उभे आहे! अर्धा डेसिबल मोठा आवाज माणसाला मोठा वाटत नाही, 'चांगला' वाटतो. विक्रेता लबाडच असतो असे नाही, पण दोन यंत्रांचा आवाज बरोबर सारखा केल्याशिवाय केलेली तुलना ही तुलनाच नव्हे. 'स्टिरिओ रिव्ह्यू' या अमेरिकन मासिकाने जानेवारी १९८७ मध्ये अशी चाचणी छापली. दोनशेवीस डॉलरांपासून बारा हजार डॉलरांपर्यंतची यंत्रे, आवाज सारखा, नावे झाकलेली. ऐकणाऱ्यांचा निकाल नाणेफेकीच्या पुढे गेला नाही.

आणि वॉटचे ते स्तोम! शंभराचे दोनशे वॉट केले तर तीन डेसिबल वाढतात, म्हणजे बटण जरासे फिरवल्याइतके. दुप्पट मोठे वाटायला सुमारे दहापट वॉट लागतात. घरात गप्पांच्या आवाजात ऐकताना जेमतेम एक वॉट खर्च होतो. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी गेली, तीत आमच्या केसरबाईंची भैरवी आहे. सोबत सुई दिली, वाजवायची कृती कोरून दिली; अ‍ॅम्प्लिफायर दिला नाही. त्या यानाचा प्रक्षेपक सुमारे तेवीस वॉटचा आणि त्याचे बोलणे दोन हजार कोटी किलोमीटरांहून जास्त अंतरावरून ऐकू आले. माझी खोली बारा बाय दहा.

'एक लाख हर्ट्झपर्यंत वाजतो,' हीही एक थाप माझ्यावर वाया गेली. साठीनंतर बहुतेकांचे कान दहा-बारा हजारांच्या आसपास हात टेकतात. हाय-एंड परवडायला लागतो तोवर वरचा मजला बंद झालेला असतो.

एक मात्र मान्य. हॉल दिवाणखान्याएवढा नव्हे, मंगल कार्यालयाएवढा असेल, स्पीकर हट्टी असतील, त्यांचा रोध मध्येच दोन ओहमवर उतरत असेल, तर दणकट यंत्र हवेच. पण मग विकणाऱ्याने आधी स्पीकर कुठले आणि खोली केवढी, हे विचारावे. मला कुणी विचारले नाही. पैसे स्पीकरवर घातले असते तर निदान फरक तरी पडता.

लॅमिंग्टन रोडवरच्या मिस्त्रीने माझा डबा उघडला आणि म्हणाला, "साहेब, कपॅसिटर सुकलेत." सातशे रुपये. घरघर गेली.

मग भाच्याचा तीन लाखांचा अ‍ॅम्प्लिफायर आणि माझा हा म्हातारा अशी लढत लावली. मल्टिमीटरने दोघांचे व्होल्टेज जुळवले, वर सोलापुरी चादर घातली, तारा बदलायला शेजारचा इंजिनियर मुलगा बसवला. वीस फेऱ्या. माझे नऊ बरोबर, भाच्याचे अकरा. येता-जाता स्वयंपाकघरातून ऐकणाऱ्या हिचे बारा.

मी हसलो. भाचा हसला नाही. चहा निम्मा ठेवून तो उठला, आणि दारात चप्पल घालताना म्हणाला, "मामा, अजून एकोणीस हप्ते राहिलेत." तेव्हा मात्र त्या गाभाऱ्यातल्या पुजाऱ्याचा मला मनापासून राग आला. यंत्र विका हो, पण पोराला स्वतःच्या कानांची लाज वाटायला लावून विकू नका!

चेकवर दोघांच्या सह्या झाल्या, इस्पितळाच्या नावे. परवा ही वॉकर टेकत हॉलमध्ये आली. केसरबाई लागल्या होत्या. खुर्चीत बसायलाच तिला पाच मिनिटे लागली. मग म्हणाली, "अहो, जरा मोठं करा की."

मी तीन डेसिबल वाढवले.