खोडरबर आणि एसएसडी

माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीनं परवा विचारलं, "बाई, एसएसडी लिहून लिहून झिजते म्हणे! मग आमच्या घरची किती दिवस टिकेल? माझ्या आज्जीचे सगळे फोटो त्यात आहेत."

वहीत एकाच जागी सारखं खोडून लिहिलं तर कागद विरतो ना? इथंही तसंच. एसएसडीत फिरणारी तबकडी नसते, अब्जावधी इवल्या पेशी असतात. पेशीत इलेक्ट्रॉन कोंडले की माहिती लिहिली गेली! पण कोंडताना नि काढताना ते एका अतिपातळ थरातून ढकलावे लागतात आणि तो थर दर वेळी किंचित झिजतो. म्हणून ड्राइव्हमधली एक चिप लिहिण्याचं काम सगळ्या पेशींना पाळीपाळीनं देते. आपल्या वर्गात फळा पुसायची पाळी असते ना, अगदी तश्शी.

आता गंमत पाहा. सॅमसंगची ८७० ईव्हो आणि स्वस्तातली ८७० क्यूव्हीओ, दोन्ही १ टेराबाइटच्या. लिहिण्याचा वेग दोन्हींचा सेकंदाला ५३० मेगाबाइट. मग स्वस्तातलीच घ्यावी? थांबा! ईव्होच्या एका पेशीत ३ बिट मावतात, म्हणजे विजेच्या ८ पातळ्या ओळखायच्या. क्यूव्हीओत ४ बिट, म्हणजे १६ पातळ्या! एवढं बारीक मोजून भरायला वेळ लागतोच. म्हणून क्यूव्हीओ आधी घाईघाईनं एका राखीव जागेत लिहून घेते. ती जागा फार तर ४२ गिगाबाइटची. ती भरली की वेग एकदम ८० वर! १०० गिगाबाइट एका दमात लिहायला ईव्होला सव्वातीन मिनिटं लागतील, तर क्यूव्हीओला तेरा-साडेतेरा. खोक्यावरचा आकडा खोटा नाही, अर्धा आहे एवढंच.

आणि झीज? ईव्होची हमी ६०० टेराबाइट लिहीपर्यंत किंवा ५ वर्षं, क्यूव्हीओची ३६० टेराबाइट किंवा ३ वर्षं. जे आधी संपेल ते. घरात रोज २० गिगाबाइट लिहिलं (एवढं कोण लिहितं?) तरी ३६० टेराबाइट व्हायला ४९ वर्षं लागतील. करा बरं भागाकार!

तेव्हा घरच्या वापरात झिजेची भीती नको. पण ड्राइव्ह इतर कारणांनीही बंद पडते, कधी कधी तर काही न कळवता. त्या मुलीला मी विचारलं, "फोटोंची दुसरी प्रत कुठे आहे?" ती गप्पच झाली. दुसऱ्या दिवशी सांगत आली, "बाई, काल रात्री बाबांनी आणि मी मिळून सगळे फोटो काकांकडच्या कॉम्प्युटरवर पण ठेवले!"