ऱ्होड आयलंडचे दोन गव्हर्नर

बी.ए.च्या वर्गात अमेरिकेचा इतिहास सुरू होता. मागच्या बाकावरून एकाने बेधडक सांगितले, ''सर, १७७६ ला स्वातंत्र्य आलं म्हणजे सगळ्यांना मत मिळालंच की!'' मी काही न बोलता फळ्यावर लिहिले, '१३४ डॉलर'.

ऱ्होड आयलंड हे तिथले सर्वांत चिमुकले राज्य. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने १६६३ साली दिलेल्या सनदेवरच, स्वातंत्र्यानंतरही, त्याचा कारभार चालला होता. मत कुणाला? ज्याच्या नावावर किमान १३४ डॉलरची जमीन आहे त्याला आणि त्याच्या थोरल्या मुलाला. धाकट्याने गप्प बसावे. बायकांना तर कुणी मोजतच नव्हते. सगळे शेतकरी होते तोवर हे खपून गेले. पुढे सूतगिरण्या आल्या, बिनजमिनीचे कामगार वाढले, आणि १८४० च्या सुमाराला निम्म्याहून अधिक गोऱ्या पुरुषांनाही मत उरले नाही. बहुतेक राज्यांनी तोवर जमिनीची अट काढून टाकली होती.

हे शिकवताना मला घरचेच आठवते. १९३७ साली मुंबई इलाख्याच्या निवडणुकीत आमच्या आजोबांना मत होते, कारण शेतसारा त्यांच्या नावाने भरला जाई. त्यांच्या धाकट्या भावाला नव्हते. एका घरात, एका चुलीवर जेवणारे दोघे! धाकट्या आजोबांनी पहिले मत टाकले ते थेट १९५२ च्या निवडणुकीत. त्या दिवशी ते नवे धोतर नेसून गेले होते, असे आजी सांगायची.

तर ऱ्होड आयलंडात थॉमस डॉर नावाचा वकील उभा राहिला. श्रीमंताघरचा, हार्वर्डला शिकलेला. सरकार ऐकेना, तेव्हा १८४१ साली त्याच्या मंडळींनी स्वतःच घटना लिहिली आणि लोकांचा कौल घेतला. सुमारे चौदा हजार मते बाजूने पडली. १८४२ च्या वसंतात राज्याला दोन गव्हर्नर झाले, एक डॉर आणि दुसरा जुन्या सनदेचा सॅम्युएल वॉर्ड किंग. मे महिन्यात डॉरने रात्री प्रॉव्हिडन्सच्या शस्त्रागारावर तोफा नेल्या. तोफा उडाल्याच नाहीत. आत बचावाला उभ्या असलेल्यांत त्याचे सख्खे वडील होते!

इथवर वर्ग डॉरच्या बाजूने असतो. मग मी सांगतो की, त्याच्या घटनेत मत फक्त गोऱ्या पुरुषांना होते. डॉरला स्वतःला हे पटत नव्हते, पण सहकाऱ्यांपुढे त्याचे चालले नाही. म्हणून तिथले कृष्णवर्णीय सरकारच्या बाजूने उभे राहिले, आणि १८४३ ला लागू झालेल्या नव्या घटनेत त्यांना मताचा हक्क मिळाला. १८२२ साली याच राज्याने तो काढून घेतला होता. चळवळ डॉरची, आणि मत त्यांना विरोधकांच्या हातून!

डॉरला राजद्रोहाबद्दल १८४४ साली सक्तमजुरीची जन्मठेप झाली. वर्षभराने सुटला, पण तब्येत ढासळली होती. १८५४ साली, पन्नाशी गाठण्याआधीच, तो गेला.

''मग सर, डॉर शहाणा की खुळा?'' कुणीतरी विचारलेच. उत्तर द्यायच्या आत तास संपल्याची घंटा झाली. फळा पुसायला डस्टर उचलले, तसा पुढच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ''सर, तो आकडा राहू द्या. गिरणीतल्या आयरिश लोकांचं काय झालं?''

नव्या घटनेतही, बाहेरून येऊन नागरिक झालेल्यांना जमिनीची अट होतीच. तीच, १३४ डॉलरची. ती उठली १८८८ साली.